विषय क्रमांक चौदा: सासूबाई

तुम्ही खोटं लिहिलंत.

एकदा नाही, तीनदा. तीन महिने, तीन बैठका, आणि तिन्ही इतिवृत्तांत शेवटून दुसऱ्या ओळीत तेच वाक्य: ‘विषय क्रमांक चौदा वेळेअभावी पुढील बैठकीत घेण्यात येईल.’ वेळेअभावी! नवं उपकरण माणसाच्या अंगाजवळ न्यायच्या आधी ज्यांची परवानगी लागते, ती विद्यापीठाची नीतिसमिती तुम्ही. नऊ डोकी, एक गोल टेबल, मधोमध कुंडीत प्लास्टिकचं झाड. पहिल्या बैठकीत खुर्च्यांचं कापड करडं असावं की निळं, यावर तुम्ही पन्नास मिनिटं घालवलीत. दुसऱ्या बैठकीत, मागच्या वेळी करडं ठरलं होतं की निळं, यावर. तिसरीत निळं आलं होतं आणि ते तुम्हाला करडं दिसत होतं. आणि वेळ नव्हता म्हणता?

आता हे सगळं पहिल्यापासून ऐका. खुर्च्यांपेक्षा कमीच वेळ लागेल.

सिस्टर बावीस वर्षं एकाच वॉर्डात होत्या. बत्तीस खाटा आणि पाळीला एक सिस्टर. त्या वॉर्डात दिवसभर एकच हाक घुमायची: ‘सिस्टर, सलाईन संपलं!’ खाट सातवरून, खाट एकोणतीसवरून, कधी दोन्हीकडून एकदम. पेशंटसोबत आलेलं माणूस बिचारं थेंबाकडे डोळे लावून बसायचं. जरा पेंगलं, चहाला गेलं की बाटली कोरडी. बाटली कोरडी झाली की हातातलं रक्त नळीत वर चढतं, गोठतं, सुई बंद पडते. मग पुन्हा टोचा. एका आजोबांच्या हाताला एका दिवसात पाचव्यांदा सुई लावताना सिस्टरांचे डोळे भरून आले, तर आजोबाच म्हणाले, ‘रडू नकोस गं पोरी, मला दुखत नाही.’

दुखत होतं. सिस्टर त्या दिवशी घरी आल्या त्या पेटूनच.

घरात पुढच्या खोलीत धाकटा दीर शिलाई मशीन दुरुस्त करायचा. मशीन उलटी करून तिच्या पोटात डोकं घालून बसला होता.

‘भावजी, वजन उतरलं की बोंबलणारं काहीतरी करून द्या.’

‘कुणाचं वजन?’

‘बाटलीचं.’

‘हात्तिच्या. मला वाटलं दादाचं.’

आठ दिवस तो जेवतानासुद्धा स्प्रिंगा ताणत होता. नवव्या दिवशी त्याने खुंटीला एक डबी टांगली. डबीत मशीनची एक स्प्रिंग, खाली बाटलीसाठी हूक आणि वर बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची घंटा. घंटेला चावी द्यायची, हुकाला भरलेली बाटली लावायची. वजनाने हूक खाली राहतो, खटका धरून ठेवतो. बाटलीत शेवटचं पन्नास मिली उरलं की हूक वर चढतो, खटका सुटतो आणि घंटा घर डोक्यावर घेते. वीज नको, सेल नको, कुणी टक लावून बसायला नको.

पहिल्यांदा ती वाजली तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाई तरातरा बाहेर आल्या. ‘कोण ओरडतंय माझ्यासारखं?’

‘ठरलं,’ दीर म्हणाला, ‘हिचं नाव सासूबाई.’

‘तुमची आई, तुम्ही बघा,’ सिस्टर म्हणाल्या. पण पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की भिंतीला टेकून खाली बसल्या.

सासूबाईंनी डबीभोवती एक चक्कर मारली, घंटेला बोट लावून पाहिलं आणि निकाल दिला, ‘माझं नाव लावताय ना? मग वेळेवर ओरडली पाहिजे. नाहीतर मोडून टाका.’

तुम्हा नऊ जणांपेक्षा त्या म्हातारीला उपकरणांची परीक्षा जास्त कळते, हे इथेच लिहून ठेवा.

विद्यापीठाच्या आवारात नव्या उद्योगांसाठी इन्क्युबेटर सुरू झालाय, असं सिस्टरांना वॉर्डातल्याच एका डॉक्टरने सांगितलं. सिस्टरांना इन्क्युबेटर म्हणजे कमी वजनाच्या बाळांची काचपेटी एवढंच ठाऊक. त्या दिराला घेऊन गेल्या, तर कार्यशाळेच्या मागे एक दुमजली इमारत. आत मोठ्या खोलीत बारा टेबलं, प्रत्येक टेबलावर कुणाचं ना कुणाचं खूळ. एका टेबलावर नुसता गुडघा. तो घडवणारे दोन इंजिनिअर भाऊ त्याच्याशी गप्पा मारत होते.

इन्क्युबेटरची मॅनेजर म्हणजे पायात कॅनव्हासचे बूट घातलेली, चालण्याऐवजी पळणारी पोरगी. तिने डबी हातात घेतली, चावी दिली, बाटली लावली, पाणी सोडलं. घंटा वाजली तशी ती जागच्या जागी दोन उड्या मारून म्हणाली, ‘अगं बाई! हे चालतंय की!’

‘चालतंय म्हणजे? आम्ही काय चेष्टा करायला आलोय?’ दिराला राग आला.

‘नाही हो दादा, इथे येणाऱ्या दहातल्या नऊ गोष्टी आधी चालत नसतात. त्यांचं बोलणं तेवढं चालतं.’

सिस्टरांनी विचारलं, ‘तुम्ही इथे आमच्यासाठी करणार काय, ते सरळ सांगा.’

‘तुमच्या हॉस्पिटलातल्या काचपेटीत करतात तेच. वजन भरेपर्यंत उबेला ठेवणार, मोजत राहणार, आणि वजन भरलं की बाहेर काढणार.’

सिस्टरांना ही पोरगी तिथेच आवडली.

एक वर्षासाठी टेबल मिळालं. टेबलाला कुलूप, कुलपाची किल्ली. सिस्टरांनी ती किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली आणि चार दिवस उगाचच कुलूप उघडून लावून पाहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या मालकीचं एक कपाटसुद्धा नव्हतं. खाली कार्यशाळा होती. तिथे प्लास्टिक वितळवून थरावर थर रचणारं यंत्र पाहून दीर अर्धा तास काही बोललाच नाही. त्याच्या आयुष्यातला तो विक्रम. गुडघेवाल्या भावांनी त्याला यंत्र शिकवलं. त्याने त्यांना गुडघ्यातली कुरकुर शिलाई मशीनच्या तेलाने घालवून दाखवली. त्या दिवसापासून त्याला सगळे ‘गुरुजी’ म्हणायला लागले आणि घरी त्याच्याशी बोलायची सोय राहिली नाही.

कागद मात्र ढीगभर. मॅनेजरने प्रत्येक कागद का लागतो ते बसून समजावलं. एक तक्ता होता, ‘काय काय बिघडू शकतं’ याचा. सिस्टर आणि दीर संध्याकाळी पाच ते सात बसून तो भरायचे. स्प्रिंग गंजू शकते. चावी द्यायची राहू शकते. बाटली तिरकी लागू शकते. पेशंटचा नातू घंटेशी खेळू शकतो. एकूण त्र्याण्णव गोष्टी झाल्या. दिराचं अक्षर चांगलं म्हणून अर्ज त्याने लिहिला आणि ‘उपकरणाचे नाव’ या रकान्यात गडद शाईने लिहून टाकलं: सासूबाई.

मॅनेजरने कपाळावर हात मारला. ‘खोडता येणार नाही आता. खाडाखोड झाली तर अर्ज परत येतो.’

‘मग राहू दे,’ सिस्टर म्हणाल्या. ‘नाव ऐकून तरी नीट बसतील.’

सहाव्या महिन्यात प्रात्यक्षिकाचा दिवस आला. इन्क्युबेटरने शंभरेक खुर्च्या मांडल्या, मोठमोठी माणसं बोलावली. पहिल्या रांगेत तुमचे अध्यक्ष होते, चष्मा कपाळावर चढवून. मॅनेजरने सिस्टरांना तीन मिनिटांत बोलायला शिकवलं होतं. घड्याळ लावून, हात कुठे ठेवायचे, कुठे थांबायचं, सगळं. सिस्टर ते भाषण भांडी घासताना म्हणायच्या, बसमध्ये म्हणायच्या. एकदा पेशंटचा ताप बघताना मोठ्याने म्हणाल्या, तर पेशंटने टाळ्या वाजवल्या.

आणि त्या दिवशी सगळं झक्क झालं. सिस्टर ताठ उभ्या राहिल्या, बोलल्या, कुठे अडखळल्या नाहीत. बाटलीत थोडंच पाणी ठेवलं होतं, म्हणजे भाषण संपल्यावर घंटेची फार वाट बघावी लागू नये. सिस्टरांनी चावी दिली, बाटली लावली, थेंब सोडले, आणि म्हणाल्या, ‘आता ऐका.’

सगळे कान टवकारून बसले.

थेंब पडत राहिले. बाटलीत पन्नास उरलं, मग चाळीस, मग वीस. मग बाटली कोरडी झाली आणि नळीत हवेचा बुडबुडा दिमाखात खाली उतरला. सासूबाई गप्प. आयुष्यात पहिल्यांदा.

तुमच्या अध्यक्षांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘सिस्टर,’ ते म्हणाले, ‘सलाईन संपलं.’

शंभर खुर्च्या खदखदल्या. दीर धावत पुढे आला, डबी उघडून स्प्रिंग बघायला लागला. स्प्रिंग ठणठणीत. खटका ठणठणीत. ‘वहिनी, यात काहीच बिघडलेलं नाही हो,’ तो रडवेला होऊन म्हणाला.

तेवढ्यात मागून मॅनेजर पळत आली आणि स्टँडकडे बोट दाखवून किंचाळली, ‘सापडलं! सिस्टर, तो टेप तिथे कुणी अडकवला?’

हुकावर, बाटलीच्या शेजारी, चिकटपट्टीचा जाडजूड रोल लोंबत होता. सुई हाताला चिकटवायची पट्टी. तो कुणी अडकवला? सिस्टरांनीच. बोलता बोलता, न बघता. बावीस वर्षं प्रत्येक नर्स तो रोल सलाईनच्या स्टँडला अडकवते. कारण तिचे दोन्ही हात कामात असतात आणि खिशात ठेवला तर तो कात्रीला चिकटतो. सत्तर ग्रॅमचा रोल. बाटली रिकामी झाली तरी हुकाला वाटत होतं, आहे की अजून.

त्र्याण्णव गोष्टींच्या तक्त्यात टेप नव्हता. श्वास घेणं कुणी तक्त्यात लिहितं का?

सिस्टर टेबलाशी येऊन मटकन बसल्या आणि गळ्यातली किल्ली काढून मॅनेजरपुढे ठेवली. ‘घ्या. माझ्याच हाताने नाक कापून घेतलं मी.’

‘वेड्या आहात का?’ पोरीचे डोळे आनंदाने लकाकत होते. ‘हे वॉर्डात घडलं असतं तर? नर्स निवांत राहिली असती की घंटा वाजेल, आणि तिकडे पेशंटचं रक्त वर चढलं असतं. ते इथे घडलं, पाण्याच्या बाटलीवर. याचसाठी तर ही इमारत बांधलीय! उद्या मला दहा नर्स हव्यात. त्यांना काही सांगायचं नाही, नुसतं बघायचं.’

दुसऱ्या दिवशी दहा नर्स आल्या. इन्क्युबेटरने हॉस्पिटलमधून दहा स्टँड आणवले होते, दहा रबरी हात मागवले होते. मॅनेजर वही घेऊन कोपऱ्यात, दीर पडद्यामागे, गुडघेवाले भाऊ टेबलाखाली. सिस्टर खिडकीबाहेर उभ्या राहून काचेला नाक लावून बघत होत्या.

पहिलीने बाटली लावली, टेप अडकवला. दुसरीने टेप अडकवला. तिसरीने टेपही अडकवला आणि आपला चष्माही. चौथीने टेप दाताने तोडला आणि रोल अडकवला. पाचवी म्हणाली, ‘काय गं, इथे पर्स टांगू का?’ आणि टांगलीच. पडद्यामागून दिराचं फुर्रकन हसू फुटलं. सहावीने पेशंटचा कागद खोचला. दहापैकी आठ जणींनी काही ना काही लटकवलं, नववी टांगायला जागा शोधत राहिली आणि दहावी म्हणाली, ‘मी अडकवणारच होते, पण तुम्ही सगळे असे बघताय काय?’ तशी सिस्टर आत आल्या आणि अकरा नर्स एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की खालच्या कार्यशाळेतली माणसं वर आली. गुडघेवाल्यांनी टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटून घेतलं.

‘वहिनी, नर्सांची सवय मोडायची नाही,’ दीर डोळे पुसत म्हणाला. ‘सवयीलाच खुंटी द्यायची.’

संध्याकाळपर्यंत यंत्रातून नवी डबी निघाली. डबीच्या अंगालाच एक आडवी, छान गोल, हाताला आपोआप सापडेल अशी खुंटी. ती स्प्रिंगला जोडलेलीच नाही. तिच्यावर टेप टांगा, चष्मा टांगा, पर्स टांगा, हुकाला कळतसुद्धा नाही. आणि बाटलीचा हूक इतका अरुंद केला, की त्यात बाटलीखेरीज काही शिरतच नाही. पुन्हा दहा नर्स बोलावल्या. दहाही जणींनी दहा-दहा वेळा, न सांगता, टेप खुंटीवर टांगला. शंभरपैकी शंभर वेळा घंटा वाजली. शेवटची घंटा ऐकायला खुद्द सासूबाई आल्या होत्या. त्या हातातली पिशवी खुंटीवर अडकवून म्हणाल्या, ‘हं. आता झाली माझ्यासारखी.’

सिस्टर त्या दिवशी बसथांब्यापर्यंत चालत गेल्या की तरंगत गेल्या, हे दिराला अजून सांगता येत नाही.

बाकी काय राहिलं? एक कागद. तुमचा.

वॉर्डातल्या खऱ्या पेशंटांवर, खऱ्या बाटल्यांवर चाचणी घ्यायची तर तुमची परवानगी हवी. ती असायलाच हवी, सिस्टरांचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. उलट त्याच म्हणाल्या, ‘कुणीही उठावं आणि पेशंटच्या उशाशी घंटा टांगावी, असं चालणार नाही.’ इन्क्युबेटरने अर्ज तपासला, तक्ता जोडला. त्यात आता चौऱ्याण्णव गोष्टी होत्या, आणि चौऱ्याण्णवावी लाल शाईत. नर्सांचे निकाल जोडले. इमारतीतून तुमच्या दारापर्यंत दोनशे बारा पावलं. दिराने मोजली.

आणि तुम्ही तीनदा लिहिलंत, वेळेअभावी.

इन्क्युबेटरचा नियम साफ आहे. वर्ष संपलं की टेबल सोडायचं. नीतिसमितीचं पत्र हातात असेल तरच पुढचे सहा महिने. शनिवारी वर्ष संपणार होतं, तुमची चौथी बैठक गुरुवारी होती. रांगेत तीस अर्ज उभे. मॅनेजर पळायची थांबून पहिल्यांदाच खुर्चीवर बसली. ‘नियम मी वाकवला तर उद्या कुणीही वाकवेल. मी तुम्हाला सगळं देऊ शकते सिस्टर, पण समितीचं तोंड नाही उघडू शकत.’

मग ती एकदम उठली. ‘पण थांबा. नियम आणखी एक आहे. प्रात्यक्षिक दाखवायचं असेल तर सामान बैठकीच्या आधी आत नेऊन मांडायला परवानगी असते.’

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तिने सिस्टरांकडे. मग दोघी हसायला लागल्या, आणि दिराला काही कळायच्या आत त्याच्या खांद्यावर स्टँड आला.

गुरुवार, सकाळी अकरा. तुमच्या टेबलाजवळ, प्लास्टिकच्या झाडाशेजारी सलाईनचा स्टँड. त्यावर सासूबाई, खुंटीवर टेप, हुकाला पाण्याने भरलेली पाचशेची बाटली, खाली नळी थेट बादलीत. भिंतीशी तीन खुर्च्यांवर सिस्टर, मॅनेजर आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला दीर. सिस्टरांनी मनगटावरचं घड्याळ बघून थेंब लावले, मिनिटाला त्र्याऐंशी. दोन तासांत बाटली रिकामी. तुमच्या जेवणाच्या सुट्टीला एक वाजता.

‘हे काय आहे?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘प्रात्यक्षिकाचं सामान, सर,’ मॅनेजर म्हणाली. ‘विषय चौदा.’

‘बरं बरं. बघू वेळ मिळाला तर. विषय एक, खुर्च्या.’

टप, टप, टप. तुम्ही बोलत होतात. कापड. हातांची उंची. चाकं असावीत की नसावीत. अर्ध्या तासाने चाकांवर मतदान झालं, तसं सिस्टरांना हसू फुटायला लागलं. दिराने तोंडात रुमाल कोंबला. मॅनेजरचे बूट जमिनीवर ताल धरत होते. साडेबाराला तुम्ही विषय सहावर होतात. पावणेएकला अध्यक्षांनी कागद गोळा केले. बारा अठ्ठेचाळीसला ते म्हणाले, ‘असो, उरलेले विषय वेळेअभावी...’

तर्रर्रर्रर्रर्र!

प्लास्टिकचं झाड हललं. एका सभासदाचा चहा सांडला. आणि तुमचे अध्यक्ष, तीस वर्षं वॉर्डात फिरलेले डॉक्टर, खुर्चीतून अर्धे उठून, विचार न करता, सवयीने, खणखणीत आवाजात ओरडले, ‘सिस्टर! सलाईन संपलं!’

आधी कोपऱ्यातल्या सभासदबाई हसल्या, मग त्यांच्या शेजारचे, मग नऊच्या नऊ. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले.

सिस्टर शांतपणे उठल्या. एका बोटाने घंटा बंद केली.

‘नाही सर,’ त्या म्हणाल्या. ‘संपलेलं नाही. संपायच्या आधीच ती सांगते, तेच तर तिचं काम. अजून पन्नास मिली आहे, म्हणजे बारा मिनिटं. म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे.’

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, चौऱ्याण्णवावी ओळ वर येईल असा उघडून.

‘हो म्हणा, तर सोमवारी वॉर्डात टांगते. नाही म्हणा, तर का ते लिहून द्या, मी दुरुस्त करून आणते. अजून काही विचारायचं असेल तर विचारा, मी बावीस वर्षं उभीच आहे. पण वेळ नव्हता, असं या खेपेला लिहू नका. सगळ्यांनी ऐकलंय.’

टप. टप. टप.

दहा मिनिटं उरली. सिस्टर उभ्या आहेत, दिराचा रुमाल हातात आहे, अध्यक्षांच्या पेनाचं टोपण निघालेलं आहे.

बोला. हो की नाही?